सात किलोंच्या आत

सुचित्रा कासारे सतराव्या वर्षापासून हवाईयन गिटार वाजवते. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवत न्यायचा, ती ही गिटार. परळच्या चाळीतल्या पोरीला हे वाद्य कुठून सुचलं, असं तेव्हा शेजारपाजारचे विचारायचे. तिच्या वडिलांनी कधी विचारलं नाही. गिरणीतली पाळी संपली की ते भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, आणि पोरीच्या कानाला सूर चटकन सापडतो हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं. माझगावला बेनी डिमेलो नावाचे म्हातारे मास्तर शिकवायचे. दर रविवारी वडील तिला तिथे नेऊन बसवायचे आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचे.

पुढे तिला टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली. लग्न झालं ते शामरावांशी. माझगावच्या गोदीत फिटर, अंगाने दणकट, बोलायला कमी. लग्नानंतरच्या वर्षी तिने गिटारचा आवाज मोठा करणारा स्वतःचा ॲम्प घेतला. पंधरा इंची स्पीकर, जाडजूड प्लायचा खोका, वर चामडी मूठ. वजन सव्वीस किलो. शामरावांनी पहिल्याच दिवशी तो उचलून खांद्यावर टाकला, आणि त्यानंतर चौतीस वर्षं दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर तो गेला नाही. नायगाव, वरळी, चेंबूर, एकदा तर पार महाड. तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि कार्यक्रम संपला की परत वर. स्टेजवर ॲम्प लावून झाला की ते त्याच्या शेजारीच उभे राहायचे, कोणाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात शामरावांना हार्ट अटॅक आला. दोन स्टेंट टाकले. डॉक्टरांनी सांगितलं की जिने सावकाश चढा, रोज चाला, वजन मात्र उचलायचं नाही. शामरावांनी मान हलवली. सुचित्राला त्या मान हलवण्याचा भरवसा वाटला नाही.

एप्रिल म्हणजे जयंतीचे दिवस, आर्केस्ट्राचा हंगाम. सुचित्रा ज्या पार्टीत वाजवते ती अवधूतची. तो कीबोर्ड वाजवतो, कार्यक्रमही तोच घेतो. पहिल्या कार्यक्रमाला मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांनी ॲम्प खाली उतरवून दिला. दुसरा कार्यक्रम सकाळचा होता आणि त्या दिवशी दोघेही शेजारी कामाला गेलेले. टॅक्सी स्टँडवरून कोणाला तरी बोलावून आणू, असं म्हणून सुचित्रा साडी नेसायला आत गेली. बाहेर आली तर ॲम्प जागेवर नव्हता.

शामराव तिला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सापडले. ॲम्पवरच बसले होते. चेहरा राखेसारखा झालेला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"जरा दम खातोय," ते म्हणाले.

तिने गिटार तिथेच जिन्यात ठेवली आणि त्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, दुपारपर्यंत ठेवून घेतलं आणि सोडलं. नुसत्या थकव्यावर निभावलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई शामरावांना जे बोलल्या ते ऐकताना सुचित्राला त्यांची कीव आली. मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून बसला होता.

संध्याकाळी अवधूतचा फोन आला. शामरावांची चौकशी केली, आणि मग तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "आणि ताई, प्रोग्रॅमचं टेन्शन घेऊ नका. तुमचे पीस मी कीबोर्डवर वाजवले. हवाईयनचा टोन आहे त्यात. कोणाला कळलंपण नाही."

तिने बरं म्हणून फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला घेतली. कोणाला कळलंपण नाही. चव्वेचाळीस वर्षं वाजवलं, आणि कोणाला कळलंपण नाही. त्या पोराच्या मनात वाईट काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

चार दिवसांनी अवधूत स्वतः घरी आला. बुद्धपौर्णिमेला सकाळी दादरच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होता. दरवर्षी त्यात दहा मिनिटं नुसत्या सुचित्राच्या गिटारची असतात. यंदा ताईंनी पुढच्या रांगेत बसावं, आपण स्टेजवर बोलावून शाल देऊन सत्कार करू, असा त्याचा बेत होता.

सुचित्रा म्हणाली, "शाल नको. माझी दहा मिनिटं हवीत."

मग तो म्हणाला की ॲम्प आणूच नका, गिटारची वायर सरळ हॉलच्या साउंडच्या मिक्सरमध्ये घालू. हे तिने पूर्वी दोनदा करून पाहिलं होतं. या गिटारला बोट अडवायला पडदे नसतात. दांडा कुठे थांबवायचा हे कान सांगतो, आणि कानाला स्वतःचा आवाज जवळून ऐकू आला नाही तर दांडा केसभर पुढे जातो. तेवढ्याने सूर गेलाच. मिक्सरमधून आवाज निघतो तो समोरच्या मोठ्या खोक्यांतून, लोकांकडे. स्टेजवरचे छोटे स्पीकर गायक आपल्याकडे ओढून घेतात. दोन्ही वेळा ती आंधळ्यासारखी वाजवत राहिली होती आणि घरी येऊन रडली होती.

तिने अवधूतला हे सगळं शांतपणे सांगितलं आणि वर म्हणाली की पौर्णिमेला अजून तीन आठवडे आहेत. मी हलका ॲम्प शोधते, माझा मी उचलून आणते. नाही मिळाला तर शाल घेऊन ये.

अवधूत गेल्यावर शामराव खिडकीशी बसले होते ते तिकडेच बघत म्हणाले, "म्हणजे मी आता कामाचा नाही."

ती त्यांच्या समोर जाऊन बसली. "अहो, मला वाजवायचंय. आणि तुम्ही मला घरात हवेत. मला दोन्ही पाहिजे."

दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

सुचित्राने पहिलं काय केलं, तर आपल्याला पेलतं किती ते मोजलं. गिटार पेटीसकट पाच किलो, ती पाठीवर. हातातल्या पिशवीत तिने तांदूळ भरले. नऊ किलो घेऊन तीन मजले उतरली आणि चढली. दुसऱ्या मजल्यावर कोपर थरथरायला लागलं, आणि थरथरत्या हाताने तारा छेडता येत नाहीत. आठ किलोलाही तेच. सात किलो घेऊन मात्र तीनदा वरखाली केलं, हात धुतला, गिटार घेऊन बसली. हात स्थिर होता. मजल्यावरच्या बायका दारात येऊन बघत होत्या. एकीने विचारलं की डॉक्टरांनी सांगितलंय का व्यायाम. सुचित्रा हो म्हणाली.

तर सात किलो. दादरच्या बाजारातून तिने प्रवासाच्या बॅगा तोलायचा हूकवाला काटा आणला, पर्समध्ये टाकला, गिटार पाठीला लावली आणि दुकानं धुंडाळायला निघाली.

दादरच्या दुकानात विक्रेत्याने विचारलं की नातवासाठी बघताय का. तिने गिटार पेटीतून काढून मांडीवर घेतली तेव्हा त्याने नातवाचा विषय सोडला. त्याने एक बॅटरीवर चालणारा ॲम्प आणून ठेवला. जेमतेम अडीच किलो, टिफिनच्या डब्याएवढा. आवाज इतका गोड होता की सुचित्राला तिथेच हरखायला झालं. पण तिने दुकानातल्या एका माणसाला विनंती केली की कोपऱ्यातली ढोलकी घ्या आणि जोरात वाजवा. तो हसला, पण वाजवू लागला. आता ढोलकीच्या वर आवाज काढायला तिने बटण फिरवलं, आणि तो गोड आवाज जुन्या कापडासारखा फाटला. तिने आभार मानले, गिटार पेटीत घातली.

दुसरं दुकान ऑपेरा हाऊसच्या बाजूला. तिथला ॲम्प सहा किलोला थोडा कमी. त्यात शंभर तऱ्हांचे आवाज, रंगीत दिवे. ढोलकीपुढेही टिकला. सुचित्राने वरच्या तारेवर एक लांब स्वर काढला आणि विरू दिला. स्वर हळूहळू बारीक होत गेला आणि शेवटी, अजून थोडा उरलेला असताना, कोणीतरी कात्रीने कापावा तसा तुटला. तिने पुन्हा काढला. पुन्हा तुटला. सात-आठ वेळा तेच केलं. विक्रेता म्हणाला की बंद तर होतोय ना आवाज शेवटी. पण या वाद्यात स्वर कसा विझतो यातच निम्मं गाणं असतं. टेलिफोनवर लोक फोन ठेवायच्या आधी घेतात तो श्वाससुद्धा ऐकणारा कान होता तिचा, त्याला हे कसं चालावं. विक्रेत्याने मोबाइलवर शोधून सांगितलं की आतली खरखर ऐकू येऊ नये म्हणून हा ॲम्प बारीक आवाज आपोआप बंद करतो, आणि ते काढून टाकायची सोय यात नाही.

असे दहा दिवस गेले. एका दुकानात खोक्यावर सहा किलो छापलं होतं, काट्याला लावलं तर आठ भरलं. दुकानदार काट्याकडे रागाने बघत राहिला. घरी आल्यावर शामराव काय झालं विचारायचे नाहीत, पण चहा करून ठेवलेला असायचा.

ठाकूरद्वारच्या एका गल्लीत वाद्यांचं छोटं दुकान होतं, आत गिटारी टांगलेल्या आणि जागा इतकी कमी की बसायला स्टूल दाराबाहेर ओढावं लागलं. तिथे स्वप्नील नावाचा तिशीतला विक्रेता होता. त्याने हवाईयन गिटार आधी प्रत्यक्ष बघितली नव्हती, आणि ते त्याने लपवलं नाही. तो म्हणाला की ताई, तुम्ही वाजवा, मी ऐकतो, मग बोलू.

त्याने काढलेला पहिलाच ॲम्प असा निघाला की सुचित्राच्या अंगावर काटा आला. खालची जाड तार छेडली तर छातीत घुमली. वरचा स्वर लोण्यासारखा. विझतानाही शेवटपर्यंत सोबत करणारा. पंधरा मिनिटं ती वाजवत बसली, गल्लीतले दोघंतिघं थांबून ऐकू लागले. मग तिने पर्समधून काटा काढला. नऊ किलो चारशे.

सात किलोंच्या वर नको, असं तिने सांगितल्यावर स्वप्नील म्हणाला की दोनअडीच किलोंचाच तर फरक आहे.

सुचित्राने गिटार पाठीला लावली, ॲम्प हातात घेतला आणि त्याला म्हणाली की चल माझ्याबरोबर. शेजारच्या इमारतीचा जिना ती चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर थांबली, ॲम्प खाली ठेवला आणि हात पुढे करून त्याला दाखवला. बोटं थरथरत होती. तो आवाज तिला मनापासून हवा होता. क्षणभर तिच्या मनात आलंही की शेजारी आहेत, टॅक्सीवाले आहेत, कोणी ना कोणी उचलेल. पण कोणी नसलं की कोण उचलेल हेही तिला माहीत होतं. ते जिन्याच्या वळणावर बसलेले तिने पाहिले होते.

"नाही," ती म्हणाली. "दुसरा दाखव."

खाली आल्यावर स्वप्नील कपाटातले खोके एकेक करून बघत गेला. मग म्हणाला की एक आहे, पण तो या वाद्यासाठी नाही. साधी गिटार वाजवत गाणाऱ्यांसाठी असतो, वायरी घालायला दोन तोंडं, एकात माइकची, दुसऱ्यात गिटारची. वरच्या फळीवरून त्याने एक काळा चौकोनी खोका उतरवला. दिसायला त्यात खास काही नव्हतं. काट्यावर सहा किलो सहाशे.

तिने वाजवायला सुरुवात केली आणि लगेच थांबली. वरची तार कानात सुईसारखी टोचत होती. ती गिटार पेटीत ठेवायला वाकली, तेवढ्यात स्वप्नील म्हणाला की एक मिनिट. या खोक्यात दोन स्पीकर असतात, एक मोठा आणि एक चिमुकला, गाणाऱ्याचे शब्द स्पष्ट यावेत म्हणून. टोचतोय तो चिमुकला. त्याने मागच्या बाजूला बोटाने चाचपून एक बटण दाबलं.

सुचित्राने पुन्हा तोच स्वर काढला. सुई गेली होती. स्वर गोल झाला होता, स्वच्छ, आणि तिने दांड्याला दिलेला बारीकसा हेलकावाही त्यात जसाच्या तसा आला. मग तिने स्वर सोडून दिला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मधेच गल्लीतून एक स्कूटर गेली, तिचाही आवाज गेला, आणि तरी तो होता.

खालची तार मात्र जुन्या ॲम्पसारखी घुमत नव्हती. कितीही बटणं फिरवली तरी नाही. आठ इंची स्पीकरने पंधरा इंचीसारखं घुमावं हे मागणंच चुकीचं होतं. सुचित्राने मनाशी ठरवलं की खालच्या तारेवरचे दोन तुकडे बदलायचे, मधल्या तारांवर घ्यायचे. बोटं अजून शिकू शकत होती. तिने तो ॲम्प घेतला. सूर बसला नाही तर आठवड्यात परत घेईन, असं स्वप्नीलने स्वतःहून सांगितलं.

तालीम लालबागला होती, एका कारखान्याच्या रिकाम्या खोलीत. ढोलकी, ऑक्टोपॅड, अवधूतचा कीबोर्ड, दोन गायक. सुचित्राने नवा ॲम्प जमिनीवर ठेवला आणि पहिल्या पाच मिनिटांत तिचं अवसान गळालं. आवाज कुठे जातोय तेच कळेना. सगळा तिच्या पायांना ऐकू येत असावा. अवधूतने नजर चुकवली ती तिला दिसली. तिने वाजवणं थांबवलं, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, ॲम्प तिच्यावर ठेवला, थोडा मागे कलता केला आणि आपल्या कानाच्या रेषेत आणला. मग ऑक्टोपॅडवाल्याला म्हणाली की हात राखू नकोस, हॉलमध्ये वाजवतोस तसं वाजव.

त्याने वाजवलं. तिने आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं, आणखी थोडं पुढे नेलं. आवाज फाटला नाही. तुकडा संपल्यावर अवधूत कीबोर्डवरून उठून आला आणि त्या काळ्या खोक्याभोवती एक फेरी मारली.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या टोनमध्ये हे नाहीये."

"नसणारच," सुचित्रा म्हणाली, आणि पुढच्या गाण्याची पट्टी विचारली.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी ती पांढरी साडी नेसून तयार झाली. गिटार पाठीला, ॲम्प उजव्या हातात. शामराव दाराशी उभे होते. त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि मधेच थांबला. ते पुढे झाले आणि तिच्या आधी एकेक मजला उतरत राहिले, कोणी वर येत असेल तर त्याला बाजूला थांबवत. दुसऱ्या मजल्यावर ती मुद्दाम थांबली नाही. रस्त्यावर आल्यावर तिने ॲम्प खाली ठेवून उजवा हात पुढे धरून बघितला. स्थिर होता.

हॉलमध्ये पोचल्यावर शामराव नेहमीप्रमाणे स्टेजच्या मागच्या बाजूला निघाले. सुचित्राने त्यांना थांबवून सांगितलं की आज तिथे काही काम नाही, समोर जाऊन बसा. कुठे बसायचं तेच त्यांना कळेना. शेवटी चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले, कोणाची तरी जागा अडवल्यासारखे.

वंदना झाली, दोन गीतं झाली, आणि अवधूतने तिचं नाव पुकारलं. सुचित्राने ॲम्प खुर्चीवर ठेवला, मागचं बटण दाबलं आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि दांडा तारांवर टेकवला. पहिल्या तुकड्यात ती थोडी बिचकत होती. दुसऱ्यात तिला आपला आवाज नीट सापडला, कानाच्या अगदी शेजारी, आणि मग तिने मान वर करून लोकांकडे बघायला सुरुवात केली. चौथ्या रांगेतले शामराव खुर्चीच्या टोकाला आले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या माणसाने चौतीस वर्षं तिची गिटार ऐकली ती खोक्याच्या मागून, वायरींवर नजर ठेवून. समोर बसून त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. तेवढ्यात तिची एक जागा चुकली. शेवटचा स्वर तिने पूर्ण विझू दिला. हॉलमधले लोक तोवर थांबले, मग टाळ्या झाल्या.

कार्यक्रमानंतर चार अनोळखी बायका येऊन भेटल्या. त्यातल्या एकीला गिटार शिकायची होती. वय विचारलं तर बावन्न. सुचित्राने तिला पुढच्या रविवारी घरी यायला सांगितलं.

टॅक्सी परळजवळ आल्यावर शामराव म्हणाले की चांगलं झालं.

मग म्हणाले, "तिसऱ्या तुकड्यात घाई केलीस तू. समोर लगेच कळतं ते."

सुचित्रा त्यांच्याकडे बघतच राहिली. चौतीस वर्षांत तिच्या वाजवण्याबद्दल या माणसाने चांगलं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं. त्या वर्षी तिने आणखी नऊ कार्यक्रम केले, एक तर एकटीने पनवेलला जाऊन. जिथे शामराव बरोबर असत तिथे घरी परतताना ते काही ना काही काढत, इथे ढोलकी वरचढ झाली, तिथे आवाज कमी ठेवलास. कधी ती मानते, बऱ्याचदा भांडते. दुसऱ्या मजल्यावर दोघं दम घ्यायला थांबतात, तिथेही ते चालूच असतं.